झडती म्हणजे गाणं, कविता की तिसरंच काही?

बर्डीवाली:
एका दिवाळी अंकासाठी आजोबांच्या गावच्या पोळ्यावर लेख लिहिलाय. गाव उमरेडच्या पुढे. त्यात एक वाक्य आहे, 'तोरणाखाली बैलांची रांग लागली की झडत्या सुरू होत.' पुण्याहून प्रूफं आली तर 'झडत्या'भोवती लाल गोल आणि समासात प्रश्न, 'कोणाची? पोलीस आले होते का?' पोट धरून हसले, मग अडले. संपादकबाई म्हणतात, सरळ 'पोळ्याची गाणी' करा. पण ती गाणी नाहीत हो, त्यांना चाल नसते. कविता म्हणावं तर आमचा सोनबा गडी कवी ठरेल. लेखात एकदाच खुलासा द्यायचाय, एका शब्दात. सुचवा.

महालातला:
काऊन बाप्पा, झडती म्हणजे झडतीच! खुलासा कायले पाह्यजे? आम्ही पुण्याचा 'भोंडला' वाचतो तं कोणी समजावून सांगते का आम्हाले? एक जण बैलापुढं उभा राह्यते, हात वर करते अन् सोडते,
'कापूस नेला बजारी,
यापारी पडला आजारी,
बैल उपाशी, धनी उधारी,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!'
शेवटी सारा गाव वरडते. वरच्या ओळी माह्याच, शेवटची जुनी. झालं समजावून.

शुद्धमती:
प्रूफं नव्हे, मुद्रितं. आणि यात अडण्यासारखं काय आहे? 'लोकगीत' हा शब्द पुरेसा आहे. बोलीतला शब्द प्रमाण मराठीत आणला की अर्थही सोबत द्यावाच लागतो, त्यात अपमान कसला?

धंतोलीकाका:
लोकगीत हा वर्गातला शब्द आहे, आमची आजी ओवी म्हणायची, लोकगीत नव्हे. माझी एक साधी युक्ती सांगतो, बघा पटते का. प्रकार ओळखायचा तर त्याच्यापुढे येणारं क्रियापद बघायचं. पोवाडा गातात, अभंग म्हणतात, आरती करतात. उखाणा तर फारच गमतीचा. नवऱ्याच्या नावाचा असेल तर 'घेतात', कोडं असेल तर 'घालतात'. शब्द तोच, क्रियापद बदललं की प्रकारच बदलला. ओवीचंही तसंच, ज्ञानेश्वरीतली वाचतात, जात्यावरची गातात. राष्ट्रसंतांची ग्रामगीता ओवीतच आहे, पण ती वाचायची. खंजेरी हाती आली की भजन. तेव्हा बर्डीवाली ताई, गावात झडती म्हणत, गात की टाकत, ते आधी सांगा.

बर्डीवाली:
म्हणत. कधी 'सोडत' असंही ऐकलंय. 'गात' कधीच नाही. म्हणजे गाणं नाही हे तरी नक्की झालं!

शुद्धमती:
काहीच नक्की झालं नाही. आपण 'गाणं म्हण' असंही सर्रास म्हणतो. काकांची युक्ती तिथेच गळते.

धंतोलीकाका:
गळते, कबूल. पण थेंब थेंबच.

रामटेकहून:
व्युत्पत्तीवर कोणीच बोललं नाही. चौघडा झडतो, फैरी झडतात, मेजवान्या झडतात, सवाल-जवाब झडतात. एकामागून एक, थांबा न घेता. झडती त्यातलीच. एकाची संपली की समोरचा दुसरी सोडतो, बैल बिचारे उभे. खिसे तपासायच्या झडतीशी काही घेणंदेणं नाही.

महालातला:
घेणंदेणं कसं नाही? झडतीत सरकार, सावकार, यापारी, साऱ्याइचा हिशेब निघते. पोळ्याच्या दिवशी शेतकरी झडती घेते, बाकीचे ३६४ दिवस त्याची घेतल्या जाते. माही व्युत्पत्ती हेच.

रामटेकहून:
ही व्युत्पत्ती नव्हे, हीच एक झडती झाली.

शेगावची सून:
मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा नागपूरचा तान्हा पोळा पहिल्यांदा बघितला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत दारोदार बोजारा मागतात. शेजारचा पाच वर्षांचा मुलगा दारात उभा. नंदीचं एक शिंग मोडलेलं, त्याला बँडेजची पट्टी. त्यानं 'हर बोला' म्हटलं आणि पुढचं विसरला, मग 'जॉनी जॉनी' म्हणून टाकलं. दहा रुपये दिले. ती झडती होती की नाही, सांगा आता! अवांतर: भुलाबाईची गाणी आणि भोंडल्याची गाणी एकच का?

शुद्धमती:
एकच. नाव तेवढं प्रादेशिक.

शेगावची सून:
अजिबात नाही. भोंडला नवरात्रातला, मध्ये पाटावर हत्ती. आमची भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसते ती कोजागिरीपर्यंत, महिनाभर, आणि शेजारी भुलोजी असतो. काही गाणी सारखी असतील, खिरापत ओळखायची मजाही सारखी. म्हणून काय एकच?

उत्तर नागपूर:
नाव कोण ठेवतं हा खरा मुद्दा आहे. मुलीच्या शाळेत गायनस्पर्धा होती. तिनं भीमगीत निवडलं तर बाईंनी 'भक्तिगीत' गटात टाकलं. मी विचारायला गेलो. म्हणाल्या, गट चारच आहेत, भावगीत, भक्तिगीत, देशभक्तिगीत, लोकगीत. आता बसवा कुठे ते! माझे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. त्यांच्या तोंडी शब्द होता 'जलसा'. सत्यशोधकांचा जलसा, मग आंबेडकरी जलसा. त्यात गाणं होतं, सवाल-जवाब होते, भाषण होतं. भक्ती नव्हती, भांडण होतं.

शुद्धमती:
जलसा अरबी आहे. गीत म्हटलं की चारही गटांना चालतं.

उत्तर नागपूर:
मुद्दाही अरबीच आहे मॅडम, तो चालतो का?

महालातला:
😂😂 हाणली!

धंतोलीकाका:
अरबी शब्द काढायचे म्हटलं तर गझलही जाईल, आणि या गावात ते चालायचं नाही. सुरेश भट इथेच राहिले, इथेच गेले. माधव जूलियनांनी 'गज्जल' लिहून पाहिलं, टिकली 'गझल'च, तीही स्त्रीलिंगी. उर्दूत मात्र...

रामटेकहून:
काका, उर्दूतही स्त्रीलिंगीच. विषय बैलांचा चाललाय.

बर्डीवाली:
सगळ्यांचे आभार. काल संपादकबाईंचा फोन आला. मी 'झडत्या' ठेवाच म्हणून अडून बसले, त्यांना खुलासा हवाच होता. मधला मार्ग त्यांनीच काढला, अंक छपाईला गेलाही. 'झडतीगीते' असं छापून येणार आहे.

महालातला:
अरे देवा. बैलगीते तरी करायचं होतं.

शेगावची सून:
एक राहिलंच. आमच्या गावात 'एक नमन कवडा पारवती' म्हणत, गौरा नव्हे. हा कवडा कोण? पक्षी की आणखी काही?

महालातला:
कवडा? चुकीचं ऐकलं असाल तुम्ही.

शेगावची सून:
पंधरा वर्षं?