पाचवा महिना चालू आहे, ब्राची साईझ काही केल्या जमत नाहीये

फोंड्याची सून:
ताईंनो, पहिलंच बाळ आहे, १९ आठवडे झालेत. आधी मी ३४ बी घालायचे, तिसऱ्या महिन्यापासूनच ती काचायला लागली म्हणून बाजारात गेले, दुकानात सगळे पुरुष, माप वगैरे काही नाही, त्यांनी नुसतं बघून ३८ बी दिली आणि मी पण लाजून घेऊन आले. आता कप ठीक बसतोय पण मागचा पट्टा वर चढतो, खांद्यावरच्या पट्ट्या रुततात आणि संध्याकाळपर्यंत मान भरून येते. त्यात हा पाऊस, छातीखाली घाम साचून लाल झालंय. सासूबाई म्हणतात आत्ताच फीडिंग ब्रा घे, दोनदा खर्च कशाला. काय करू?

म्हापश्याची माय:
अगं दुकानदाराने नजरेने दिलेली साईझ कधीच घेऊ नये, मी पण पहिल्या वेळी हेच केलं होतं आणि तीन ब्रा वाया गेल्या. घरी शिवणाची टेप असेल ना, श्वास सोडून छातीच्या अगदी खाली घट्ट माप घे, ते झालं पट्ट्याचं, मग थोडं पुढे वाकून सगळ्यात भरलेल्या जागी सैलसर माप घे. दोन्हीतला फरक २ इंच असेल तर बी, ३ असेल तर सी, ४ असेल तर डी, साधारण असा हिशोब. आपल्याकडे अंग भरलं की सरळ मोठा आकडा देतात, पण आकडा वाढवला की पट्टाच सैल होतो आणि सगळं वजन खांद्यावर येतं. वजन पट्ट्याने पेलायला हवं. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच ढिला ठेव.

डिचोलीची आत्या:
लाल झालंय तिथे पावडर थापू नकोस, घामात तिचे गोळे होतात. अंघोळीनंतर ती जागा मऊ फडक्याने टिपून नीट कोरडी कर, मगच ब्रा घाल. कपडा सुतीच घे, फोमवाली नको, आणि वायर रुतत असेल तर ती पण नको. पावसात सुती कपडा दोन दोन दिवस वाळत नाही म्हणून निदान चार तरी ठेव, मी बाल्कांवात दोरी बांधून रात्री पंखा लावायची आणि सकाळी इस्त्री फिरवायची, दमट कधीच घालू नकोस. खाज, वास किंवा चिकट पाणी असेल तर डॉक्टरना दाखव, मनाने मलम नको.

वॉर्डातली ताई:
मी बरीच वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काम केलंय म्हणून लिहिते. फीडिंग ब्रा आत्ता नको गं, ३६व्या आठवड्याच्या आसपास घे. पोट वाढतं तशा बरगड्या पण पसरतात आणि बाळंतपणानंतर परत आत येतात, म्हणून तेव्हाची ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसेल अशी बघायची, आणि कपात थोडी जागा सोडायची कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं तेव्हा छाती एकदम जड होते. आत्ता घेशील ती मात्र उलट, आतल्या हुकावर बसणारी घे म्हणजे पुढे सैल करता येईल. दोनच घे आधी, माप अजून बदलणार आहे. आणि पिवळसर चीक यायला लागला तर घाबरू नकोस, काहींना पाचव्या महिन्यातच येतो, सुती पॅड ठेव. निपलला साबण लावू नकोस, कातडी कोरडी पडते. गाठ लागली किंवा रक्त दिसलं तर लगेच डॉक्टर.

फोंड्याची सून:
सगळ्यांचे खूप आभार, आत्ताच मिस्टरांकडून टेप धरून घेतली, खाली ३६ आणि वर ३९ आलं. मग ३८ बी चा कप बरोबर कसा बसला?

म्हापश्याची माय:
कारण ३६ सी आणि ३८ बी च्या कपात जागा सारखीच असते गं, फक्त पट्टा वेगळा. तुला ३६ सी लागेल. घालून बघताना हात वर कर, पट्टा जागचा हलला नाही तर बरोबर. जुन्या ३४ ला हुकाची जोडपट्टी लावायचा विचार करशील तर नको, त्याने पट्टा वाढेल पण कप लहानच राहील.

फोंड्याची सून:
बरं, उद्या पाऊस उघडला की आईला घेऊन पणजीला जाते, तिथे बायका असलेलं दुकान शोधते, आणि या वेळी न लाजता माप सांगेन.