कोंबड्या वाचवायच्या आहेत, पण जनावराला इजा नको. पिंजरा कसा लावावा?

बांधावरची:
तीन आठवड्यांत सात कोंबड्या गेल्या. शेवटी झाप पडणारा पिंजरा आणला आणि रात्री खुराड्यामागे ठेवला. सकाळी आठला गेले तर आत उदमांजर. जाळी चावून चावून तोंड रक्तबंबाळ, एक सुळा तुटलेला. ऊन थेट पिंजऱ्यावर आलं होतं आणि ते धापा टाकत होतं. मला बघवेना. दार वर केलं तर बिचारं भेलकांडत कुंपणाकडे गेलं. शेजारी म्हणतात, फासकी लाव आणि मोकळी हो. ते मी करणार नाही. पण पिंजऱ्यातही हे असंच होणार असेल तर करायचं काय?

माळरान:
पिंजरा चांगलाच आहे. पकडा, गाडीत घाला आणि दहा-पंधरा किलोमीटरवर सोडून या. परत येत नाही.

रानपाऊल:
ताई, फासकीला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. फास कुठे आवळेल ते आपल्या हातात नसतं, मानेवर, पोटावर, पायावर, कुठेही. दातेरी चापाचंही तेच. युरोपीय संघात पाय पकडणारे चाप वापरायला १९९५ पासून बंदी आहे.

माळरान, लांब सोडायचं काम मी बरीच वर्षं केलं. एकदा मुंगूस पकडून असंच दूर सोडून आलो. दुसऱ्या रात्री गंजीखालून बारीक चिरके आवाज येऊ लागले. दोन पिल्लं होती. एकही जगलं नाही. पकडलेली मादी अंगावर पाजणारी आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. आता आधी तेच बघतो. सड मोठे दिसले, भोवतीचे केस झडलेले असले, की दार तिथंच आणि लगेच उघडायचं.

पिल्लं नसली तरी सोडलेल्या जागी त्याला बीळ माहीत नसतं, पाणी माहीत नसतं. तिथलं आधीचं जनावर त्याला हुसकावतं. अंगावरचा रोगही सोबत जातो. काही जनावरं परत येतात, बरीचशी वाटेत मरतात. आणि तुमच्या खुराड्याची वाट तशीच उघडी राहिली तर मोकळ्या जागेत दुसरं येतंच. म्हणूनच कित्येक देशांत असं हलवणं बेकायदा आहे. नुसतं पकडायलाही बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, ती आधी काढा.

तुमच्या उदमांजराचं तोंड फुटलं ते बहुधा जाळीच्या भोकांमुळे. नाकाडं आत शिरेल एवढं भोक असलं की ते तिथूनच बाहेर पडायला बघतं. बारीक भोकांची, वेल्डिंग केलेली जाळी घ्या आणि तारेची टोकं आत येऊ देऊ नका. दारापासून मागपर्यंत पिंजऱ्यावर गोणपाट टाका. अंधार झाला की जनावर बरंच शांत बसतं. खालची जमीन सपाट हवी, पिंजरा डगमगला की ते बिथरतं. पाय पडला की झाप पाडणारी पाटी पिंजऱ्यात असते, आमिष तिच्या पलीकडे, अगदी मागे ठेवा, म्हणजे अख्खं अंग आत गेल्यावरच झाप पडेल. नाहीतर शेपूट किंवा मागचा पाय चेपतो. पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, त्याला आत-बाहेर करू द्या.

सकाळी आठला जाणं फार उशिराचं झालं. उजाडायच्या आत जा. जाता येणार नसेल त्या रात्री पिंजरा लावूच नका. दिवसा तो बंद.

हरणासाठी किंवा सशासाठी हा उपाय चुकूनही करू नका. भीतीने आणि धडपडीने त्यांचे स्नायू तुटतात, त्यातून रक्तात उतरलेलं द्रव्य मूत्रपिंडं निकामी करतं. सोडताना ठणठणीत दिसलेलं जनावर पुढे काही दिवसांनी मरतं.

पण मी तुमच्या जागी असतो तर आधी पकडलं नसतं. खुराड्याभोवती बारीक माती चाळून पसरा आणि ठसे बघा. कोल्ह्या-कुत्र्याच्या चार बोटांपुढे नखं उमटतात, मांजराची सहसा उमटत नाहीत. येतंय कोण आणि शिरतंय कुठून, ते कळेल. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही.

बांधावरची:
ते उदमांजर मादी होती की नर, तेसुद्धा मी पाहिलं नाही, दादा. काल माती पसरली. ठसे मागच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. तिथं जाळी जमिनीपासून वीतभर सुटली आहे, आतून दिसतच नव्हती. जाळी जमिनीत किती खोल पुरू?

रानपाऊल:
फूटभर, आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला आडवं वळवा. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, ते जाळीवर अडतं. कडी दुहेरी लावा, साधी खिट्टी ढकलली जाते. कोंबड्या अंधार पडायच्या आत कोंडा.

बांधावरची:
आजच खणायला घेते. पिंजरा धुऊन माळ्यावर टाकला.