मदत हवी आहे: एअर शोच्या फोटोंत आकाशावर डाग, एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर की सेन्सरची ओली सफाई?

मंडळी, क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर) कॅमेरा बॉडी, १५०-६०० मिमी लेन्स. जेट विमानांना १/१६०० सेकंद शटरला काहीच अडचण नाही. हेलिकॉप्टरचं पातं फिरतं दिसावं म्हणून १/१६० वर आलं, की भर उन्हात आयएसओ १०० ला अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/१४ पर्यंत बारीक होतं आणि कोऱ्या आकाशात सेन्सरवरचा प्रत्येक कण उमटतो.

ब्लोअरने (बॉडीचं तोंड खाली, बॅटरी पूर्ण चार्ज) काळ्या मातीची सुटी धूळ गेली. पाच डाग हलत नाहीत. मधे गडद, कडेला फिकट कडं, म्हणजे तेलच असावं. ओल्या सफाईला १६ मिमी स्वॅब (सेन्सर पुसायची पट्टी), दोन थेंब सफाईचा द्रव, एका बाजूने एकदाच. पण जळगावच्या उन्हाळ्यात द्रव मधेच सुकतो नि पट्टा राहतो. तिसरा थेंब टाकावा का? कडेला ओघळेल ही भीती आहे.

दुसरं, ९५ मिमीचा एनडी४ (प्रकाश एक चतुर्थांश करणारा) लावला तर एफ/७.१ मिळतो. एनडी८ जमणार नाही, त्याला एफ/५ लागेल आणि ६०० ला लेन्स एफ/६.३ च्या पुढे उघडतच नाही. एनडी४ मागून फोकस मंदावतो का? जळगाव-धुळे-भुसावळात ९५ मिमी कुठे मिळेल?