संचमान्यता पटावर नको, तासिकांवर हवी

संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक आणि कर्मचारी पदं द्यायची याची सरकारी मंजुरी. ती कशावर ठरवावी, यावर तासिकापत्रक, पटनोंद, लेखनिक आणि समावेशक या चौघांची ही चर्चा.

तासिकापत्रक

सहावी ते आठवी, प्रत्येकी एक तुकडी, तुकडीत ३५ मुलं, पट (नोंदलेली एकूण मुलं) १०५. शिक्षण हक्क कायद्याच्या ३५ ला एक या हिशेबानं तीन शिक्षक: एक भाषेचा, एक गणित-विज्ञानाचा, एक सामाजिक शास्त्रांचा. आता वेळापत्रक मांडून बघा. सोमवार ते शुक्रवार आठ आणि शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याच्या ४५ तासिका. मराठी, हिंदी, इंग्रजी प्रत्येकी सहा धरल्या तर तीन तुकड्यांच्या नुसत्या भाषांच्याच ५४ होतात. आठवडाच ४५ चा आहे! मग हिंदी सामाजिक शास्त्रवाल्यांच्या गळ्यात पडते. स्वतःच्या विषयाच्याही तुकडीमागे सहा धरल्या तर त्यांच्या ३६, भाषेच्या शिक्षकाच्या ३६ आणि गणित-विज्ञान सात-सात धरलं तर तिसऱ्याच्या ४२. कला, खेळ, कार्यानुभवाच्या २१ तासिका अजून शिल्लकच. एक जण प्रशिक्षणाला गेला की दोन तुकड्या एकत्र, ७० मुलं एका खोलीत.

एका शिक्षकाला आठवड्याला ३० तासिका धरा आणि एकूण तासिकांना त्यानं भागा. १३५ भागिले ३० म्हणजे साडेचार. पाच पदं द्यावीत, त्यातून कला-क्रीडाही निघेल.

पटनोंद

तुकडीवर पदं देऊन झालंय, सर. माध्यमिकला तुकडीमागे दीड शिक्षक मिळत, तेव्हा तुकडी टिकवण्यासाठी पट फुगवला जाई. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत हजेरीपटावरची नावं आणि वर्गात बसलेली मुलं यांचा मेळ कसा बसत नव्हता, ते राज्यानं पाहिलं. पट आणि आधार यांची सांगड त्यानंतर घालावी लागली. तुमच्या सूत्रात १४ मुलांच्या तुकडीलाही ४५ तासिका आणि ५५ मुलांच्या तुकडीलाही ४५. पण ५५ वह्या तपासणाऱ्याचं ओझं तासिकेत दिसत नाही. पगाराचं अनुदान मर्यादित असताना हे मोठ्या शाळांवर अन्यायाचं ठरेल.

लहान शाळांसाठी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं शाळा संकुल आहे. शेजारच्या दोन शाळांनी मिळून एक विज्ञान शिक्षक वापरावा.

तासिकापत्रक

मुलं खरी आहेत का, हे आधारनं तपासा, हरकत नाही. पण मोजणी काटेकोर झाली म्हणून सूत्र बरोबर ठरत नाही. तुकडीला किमान पटाची अट घाला, चाळिसाच्या वर तपासणीसाठी जादा तासिका धरा. पटाचा विचार त्यातही होतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानंतर वीसच्या आत पट असलेल्या वरच्या वर्गांना शिक्षकच मंजूर न होण्याची वेळ आली. मुलं हजर, वर्ग मान्य, शिकवणारा शून्य, हे कुठल्या हिशेबात बसतं?

संकुलाचं म्हणाल, तर दोन शाळांत आठ किलोमीटर आणि दिवसाला एसटीच्या तीन फेऱ्या असतील तर शिक्षक रोज दोन्हीकडे पोचत नाही. त्याला दिवस वाटून द्यावे लागतात. मग गणिताच्या सात तासिका तीन दिवसांत कोंबायच्या, मंगळवारी अडलेलं उदाहरण गुरुवारपर्यंत तसंच. प्रवासभत्ता कोण देणार आणि रजा कोणत्या मुख्याध्यापकानं मंजूर करायची, हे आधी लिहून ठरवल्याशिवाय ते चालणार नाही.

लेखनिक

दोघांच्याही हिशेबात कार्यालय नाही. शालार्थ या वेतनप्रणालीवर पगारबिलं, यूडायस या शाळांच्या देशव्यापी नोंदणीची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची नोंद, बोर्डाची आवेदनपत्रं ही कामं लिपिकाचं पद नसलं की शिक्षकावर येतात, आणि बहुतेकदा ज्याला संगणक जमतो त्या एकट्यावर. वरच्याच उदाहरणात पाच मुलांचं आधार अवैध ठरलं (नावात एक अक्षर इकडचं तिकडे, जन्मतारखेत तफावत) की पट १०० वर येतो. कायद्यात पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, क्रीडा, कार्यानुभवाचे अंशकालीन निदेशक यांची अट पट 'शंभराच्या वर' असण्याची आहे. पाच दुरुस्त्या वेळेत झाल्या नाहीत तर एवढं हातचं जातं.

शिपायाच्या पदाऐवजी डिसेंबर २०२० पासून भत्ता आहे, ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. त्या पैशात पूर्ण दिवस थांबणारा माणूस मिळत नाही. घंटा, पाण्याची टाकी, स्वच्छतागृह आणि प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुणं या कामांना मग कोणीच वाली उरत नाही.

समावेशक

विशेष शिक्षकांचं तर प्रमाणही ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक असं आहे. प्रत्यक्षात समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतले कंत्राटी विशेष शिक्षक एकेका तालुक्यात अनेक शाळा फिरतात. अध्ययन अक्षम मुलाला रोज अर्धा तास वाचनाचा सराव हवा. पंधरवड्यातून एक भेट म्हणजे नुसती नोंदवहीवरची सही. समुपदेशक शाळेच्या मंजूर पदांत नाहीच. तेही काम ४२ तासिका घेणाऱ्या वर्गशिक्षकाकडेच येतं.

पटनोंद

लेखनिक यांचं पटलं, आणि म्हणूनच क्रम बदला म्हणतो. आधी प्रत्येक माध्यमिक शाळेला एक लिपिक आणि एक पूर्णवेळ शिपाई द्या. त्यानं शिक्षकाचा बराच वेळ मोकळा होईल, आणि खर्च जादा शिक्षकपदापेक्षा कमी. तिसऱ्या वर्षापर्यंत माध्यमिकचा शिक्षणसेवक (मानधनावरचा नवा शिक्षक) महिना १८,००० वर मिळतो हे खरं, पण पुढची तीसेक वर्षं पूर्ण वेतनश्रेणी द्यायची असते. शाळेचा पट मात्र तेवढी वर्षं टिकेलच असं नाही. पद भरायचं आणि पाच वर्षांनी त्यालाच अतिरिक्त ठरवून समायोजनाच्या (दुसऱ्या शाळेत पाठवण्याच्या) यादीत टाकायचं, हे शिक्षकावरही अन्यायाचं आहे.

तासिकापत्रक

लिपिक आला तरी भाषांच्या ५४ तासिका ४५ मध्ये बसणार नाहीत. मोकळा झालेला वेळ संध्याकाळचा असतो, वर्गातला नव्हे. समायोजनाची भीती रास्त आहे. त्यासाठी दोन वर्षांच्या सरासरी पटावर पद ठेवा, एका वर्षाच्या घसरणीवर काढू नका.

ज्या शाळांच्या संचमान्यतेत त्रुटी आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवताना नुसता पट जोडू नये, शिक्षकनिहाय वेळापत्रक जोडावं. कोण कोणता विषय घेतं, त्याची पदवी कोणत्या विषयात आहे आणि आठवड्याच्या एकूण तासिका किती, असे तीन रकाने पुरेत. हिंदीचा तास इतिहासाचा पदवीधर घेतोय, हे त्यात लगेच दिसतं.