पाइनवरचे सुरवंट आणि आमचा शेवगा
ताई, तुमची लेक पोर्तुगालला कुत्र्याला फिरवते त्या रस्त्यावर पाइनच्या शेंड्याला पांढरे गोळे दिसतायत म्हणालात ना, ती पाइनवरच्या केसाळ सुरवंटांची घरटीच. थंडी सरता सरता ते दिंडीसारखे एकामागे एक खाली उतरतात आणि कुत्रं हुंगायला जातंच. सुरवंटांचे विषारी केस इतके बारीक की गळून हवेत उडतात, अळीला शिवायचीही गरज नाही. कुत्र्याची जीभ सुजते, काळी पडते, कधी तुकडा झडतो. ग्लव्हज घालून तोंड पाण्याने नुसतं धुवायचं, चोळायचं अजिबात नाही (केस तुटून अजून विष सुटतं) आणि लगेच डॉक्टर, संध्याकाळी बघू वगैरे नको.

आमच्या इंदूरला रामबागेत पाइन कुठला, पण पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची अक्षरशः गोधडी असते. मागच्या वर्षी मी त्याच झाडाखालच्या दोरीवरचा टॉवेल घेऊन मान पुसली, मग काय, नुसती आग. आई खोबरेल चोळायला निघालेली, बायकोने आधी चिकटपट्टी लावून उपटली तेव्हा पट्टीवर केस दिसले, मग साबणाने धुतलं. आणि लेकीला सांगा, घरटं काठीने पाडायचा उद्योग करू नकोस, तिथल्या नगरपालिकेला कळव.