शेंगा चटणी भुकटी का होते

मिक्सरमधली शेंगा चटणी सोलापूरसारखी तेलकट न होता कोरडी भुकटी का होते, असा प्रश्न आहे. मिक्सरचं पातं शेंगदाणा कापतं, उखळातला मुसळ तो चेचतो. चेचल्यावर दाण्याचं तेल चांगलं सुटतं. वरून तेल ओतणं ही पळवाट झाली.

पाव किलो दाण्यांना १०-१२ लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे तिखट (रंगासाठी निम्मं ब्याडगी मिरचीचं), मीठ. दाणे मंद आचेवर १२-१५ मिनिटं हलवत भाजा. आच मोठी झाली तर साल करपतं, आत दाणा कच्चा राहतो. सालं पाखडून काढा. लसूण धुतला असेल तर कोरडा पुसा. ओल राहिली तर गोळे होतात आणि चटणी लवकर खराब होते.

आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट कुटा, मग कोमट दाणे मूठमूठ घाला. उखळ नसेल तर मिक्सर थांबत थांबत दोन-तीन झटकेच फिरवा, दाणा भरड राहू द्या, पुढचं काम खलबत्त्यात. बोटांत दाबल्यावर चटणी चिकटून राहिली, बोटांना तेल लागलं, की थांबा; त्यापुढे लगदा होतो.

कडक भाकरी नि दही असेल तर तिखट थोडं वाढवलं तरी चालतं.