नायकाने त्याला मारावं का? (छळातून बाहेर पडलेल्या नायिकेची प्रेमकादंबरी लिहिताना)

कोरा कागद

नमस्कार मंडळी. दीड वर्ष एक कादंबरी लिहिते आहे आणि आता एका प्रसंगापाशी अशी अडकले आहे की सहा आठवडे वही उघडलेली नाही.

गोष्ट साधी आहे. नायिका अकरा वर्षांचा संसार सोडून एका लहानशा गावात येते. तिथे तिला कुणी ओळखत नाही. एक खोली भाड्याने घेते आणि पहिल्याच दिवशी कुलूप बदलून घेते. किल्ल्या करणारा गावात एकच, आणि तोच पुढे नायक. तो कुलूप बसवतो, त्याच्याबरोबर आलेल्या तिन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "मोजून घ्या. माझ्याकडे एकही राहिलेली नाही." तो गेल्यावर ती दाराला पाठ टेकून जमिनीवर बसते आणि त्या तीन किल्ल्या पुन्हा पुन्हा मोजत राहते. हे पान मी एका बैठकीत लिहिलं. एक शब्द बदलावा लागला नाही.

खर्डा दोन मैत्रिणींना वाचायला दिला. दोघींचं म्हणणं एकच पडलं: माणूस भला आहे, पण तो काही करतच नाही. मग मी नवऱ्याला गावात आणलं. भर चौकात नायकाने त्याला दोन ठेवून दिल्या, लोक जमले, नवरा पळाला. लिहिताना हात भरभर चालला. दुसऱ्या दिवशी वाचलं आणि पोटात गोळा आला. या सगळ्यात नायिका कुठे आहे? भिंतीला चिकटून उभी आहे, कान झाकून. तिच्यासमोर पुन्हा एका पुरुषाने हात उगारला आहे. या वेळचा तिच्या बाजूचा, एवढाच काय तो फरक.

सांगून टाकते, यातलं सगळंच कल्पनेतलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मी अशाच एका घरातून निघाले. तिथे मार फार कमी वेळा बसला. पण संध्याकाळी कुलपात किल्ली फिरायची, ती किती जोरात फिरली यावरून रात्र कशी जाणार ते मला कळायचं. आजही शेजारचं दार उघडलं की माझ्या हातातलं काम थांबतं. किल्ल्या कादंबरीत आल्या त्या तिथूनच.

तर प्रश्न असा: कादंबरी हळुवार आहे, शेवट गोडच करायचा आहे. मग नायकाने 'काहीतरी करावं' म्हणजे नेमकं काय करावं?

रात्रीची वाचक

आधी एक विनंती, गोड शेवटावर ठाम राहा. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेने प्रेमकादंबरीच्या व्याख्येत दोनच गोष्टी धरल्या आहेत: मध्यभागी प्रेमकथा, आणि मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा शेवट. माझ्यासारख्या वाचकाला ही हमी लागते. भीतीने सुरू होणारी गोष्ट मी रात्री अकराला हातात घेते ती याच भरवशावर, की शेवटच्या पानावर ही बाई सुखरूप असेल.

पण तुमच्या मैत्रिणींचंही अर्धं खरं आहे. नुसत्या भलेपणावर पानं सरत नाहीत. मला एक सांगा, तुमच्या नायकाला राग येतो का? अजून एकदाही आलेला नसेल तर तो मलाही खरा वाटणार नाही आणि नायिकेला तर नाहीच. ती आतून त्याचीच वाट बघत असणार. हा चिडला की काय करतो? ते दिसल्याशिवाय ती त्याच्याकडे पाठ करून झोपू शकणार नाही. मारामारीच्या जागी हा प्रसंग लिहून बघा.

तिसरी खिडकी

मी बरीच वर्षं अशा बायकांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन घेते. वरचा मुद्दा अगदी बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते.

तुमचा नायक पहिल्या पन्नास पानांत फार गोड वागत असेल तर मला भीती वाटेल. सुरुवातीला फार गोड तर तिचा नवराही असणार! लेनोर वॉकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये छळाचं चक्र मांडलं: ताण साठत जातो, मग स्फोट, मग माफी आणि लाडीगोडी. सगळ्याच घरांत ते असंच फिरतं असं नाही. पण ज्या बाईने ते भोगलं आहे तिला फुलांचा गुच्छ दिसला की पहिला विचार येतो, आता काय झालं? तुमच्या नायकाने फुलं आणली नाहीत, किल्ल्या मोजून दिल्या. तेच राहू द्या.

दुसरं. "मार फार कमी वेळा बसला" हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा ऐकलं आहे, आणि त्याच्यामागून बहुतेक वेळा "मग मी तक्रार तरी कशाची करू?" हे येतं. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी २००७ मध्ये 'कोअर्सिव्ह कंट्रोल'बद्दल जे लिहिलं ते हेच: पैसा, फोन, येणंजाणं, कपडे, सगळ्याचा जाब दुसऱ्याला द्यायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने हा गुन्हा ठरला, एकही फटका बसलेला नसला तरी. तेव्हा व्रण दाखवायला हवेत असं मुळीच नाही. दुकानात ती नवा साबण उचलते आणि तो का घेतला याचं कारण मनातल्या मनात कुणाला तरी देत राहते, एवढं दाखवलंत तरी माझ्यासारखीला सगळं कळेल.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग घडलेलं आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. प्रत्यक्षात हे मागेपुढे होतं. पण पहिल्याचा पाया नसताना प्रेम आलं की ते उपरं वाटतं.

आणि चौकातल्या मारामारीबद्दल कळकळीने सांगते. बाई घर सोडते तेव्हा आणि त्यानंतरच्या काही काळात धोका सर्वांत जास्त असतो. चारचौघांत मार खाल्लेला नवरा पुन्हा येतो तो ती एकटी असताना. त्या वेळी नायक जवळ नसतो.

आभाळभर

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मीही त्यातून गेले आहे. त्याला कुणीतरी चार लोकांत मारावं असं मला कित्येक वर्षं रोज वाटायचं. कुणी मारलं नाही. त्याला कुणी साधं विचारलंसुद्धा नाही, आणि आजही लोक त्याच्याशी हसून बोलतात. धोका मला कळतो, पण कादंबरीतही तो मान खाली न घालता निघून जाणार असेल, तर आमच्या वाट्याला काय? मला ते पान हवं आहे. मी ते दहादा वाचेन.

तिसरी खिडकी

@आभाळभर, तुमचा राग रास्त आहे. त्याला पुस्तकात जागा मिळायलाच हवी. कशी ते लेखिका ठरवतील.

कोरा कागद

तुम्हा तिघींचे प्रतिसाद दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचते आहे. काल रात्री वही उघडली.

आधी राग. नायक एका जुन्या पेटीची किल्ली कानशीने घासतो आहे, तीन दिवसांचं काम. नायिका दुकानात बसली आहे. शेवटच्या दात्याला किल्ली तुटते. त्याचा चेहरा लाल होतो, मान ताठरते. ती उठलेली आहे, पिशवी खांद्याला, तिची नजर दारावर. तो कानस फडक्यावर ठेवतो, आपटत नाही, आणि मागच्या अंगणात निघून जातो. दहा मिनिटांनी परत येतो आणि म्हणतो, "मला फार राग आला होता. तुमच्यावर नाही." एवढंच. तिने पिशवी खाली ठेवायला पाऊण पान घेतलं. ते मी घेऊ दिलं.

@आभाळभर, तुमचा प्रतिसाद वाचून मी रडले. लोक त्याच्याशी हसून बोलतात, हे माझ्याही बाबतीत खरं आहे. तुमच्यासाठी चौकातला प्रसंग ठेवला आहे, पण बदलून. नवरा गावात येतो, तिचा फोटो दाखवत दुकानोदुकानी फिरतो. हे गाव असं की कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना पाठ. त्या दुपारी मात्र कुणालाच काही माहीत नाही. शिंपी फोटो उलटा करून परत देतो. घरमालकीण दारातच उभी राहते आणि त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारते, "बायको घर सोडून गेली? का गेली हो?" मागे रस्त्यावर एकेक करून माणसं येऊन थांबतात, आणि सगळ्यांना उत्तर ऐकायचं असतं. तो मान खाली घालून बसमध्ये चढतो. इतकी वर्षं त्याला कुणी न विचारलेला प्रश्न मी तिच्या तोंडी दिला आहे. नायिका तेव्हा तालुक्याला वकिलाकडे गेलेली, संरक्षणाच्या अर्जासाठी. तिला हे रात्री कळतं.

नायक त्या प्रसंगात दुकानाच्या दारात उभा आहे, हात फडक्याला पुसत. तो मारत नाही, आणि मारावंसं त्याला किती वाटत होतं हे तो तिला नंतर सांगतो. मैत्रिणींना हे पुरेल का माहीत नाही, मला पुरतंय.

आता शेवट राहिला आहे. ती दुकानात जाते आणि त्या तीनपैकी एक किल्ली पुढे करते, "अशीच आणखी एक करून द्या." कुणासाठी, ते तो विचारत नाही. करून देतो, तिच्या हातावर ठेवतो. ती किल्ली अजून गरम असते. ती तशीच मुठीत धरून ती घरी जाते, आणि पुढची चाळीस पानं ती चौथी किल्ली तिच्याच खिशात आहे.